हौसाचा शनिवार

चिंचवडच्या दवाखान्यात ओळीनं बसलेल्या बायकांत गोदूबाईच्या शेजारची चंद्राबाई कुरकुरत होती.

"पोरगा नव्या कारखान्यात लागलाय, घरात काय कमी न्हाई. तरी आमच्या हौसाचं मनच उडालंय बगा. दिसभर मरगळल्याली."

"माहेर आठवत असंल."

"म्हणून तर तिला सोमवार धरायला लावला. मग गुरुवार. आता शनिवार बी."

गोदूबाईनं पलीकडं वाकून पाहिलं. चंद्राबाईची सून हौसा भिंतीला टेकली होती; तिचे ओठ पांढरेफटक होते.

"काय गं हौसा, मोशीच्या जत्रेला जावंसं वाटतं का?"

"लई वाटतं, मावशी! पाळण्यात बसायचंय, फुगडी घालायचीय. पण उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती."

"मग मन कुठं उडालंय, चंद्राबाई? ते तर पाळण्यात जाऊन बसलंय."

बायकांत हशा पिकला.

"आन् उपास नसतो त्या दिवशी काय जेवतीस?"

"सगळ्यांचं झालं की जेवती," सासूच घाईनं म्हणाली. "आमी बी तसंच जेवलो."

"सगळ्यांचं झाल्यावर उरतं काय, ते तिला इचारलं मी."

बायका आपापले पदर सारखे करू लागल्या. हौसा भिंत सोडून ताठ बसली.

"काय उरत न्हाई, मावशी. माझं मन ठणठणीत हाय. आत्याबाई, मला भूक लागती. आजपासनं मी तुमच्याच पंगतीला बसणार."