अर्धी तुळस

विशाखा : सोड तो बोळा, आई! चुना आहे का हा?

फुलाबाई : चुना नि धुण्याचा सोडा. शेजारची आक्काबाई म्हणली, दोन-तीनदा लावला की कातडी निघती. कातडीसंगं गोंदणबी निघतं.

विशाखा : आक्काबाईंचा हात भाजणार नाहीये. आण इकडे, पाण्याखाली धर. पुढच्या रविवारी माझं लग्न, आणि तू हे काय आरंभलंस?

फुलाबाई : ओरडू नको, शेजार ऐकतोय. तुझ्या कॉलेजातल्या पोरांवर चढव आवाज.

विशाखा : झोंबतंय?

फुलाबाई : झोंबाया तर लावलं.

विशाखा : पण कुणासाठी?

फुलाबाई : तुझ्या सासूसाठी. त्यांच्या घरी गेलो तवा चहाचा कप घेताना माझा हात धरला त्यांनी. महिला मंडळाच्या अध्यक्ष त्या! म्हणल्या, "धम्माची दीक्षा घेऊन पंचवीस वर्सं झाली, विहीणबाई, अन् तुळस अजून अंगावरच?"

विशाखा : त्यांचं ते बोलणं मलाही आवडलं नव्हतं.

फुलाबाई : पर बोलली नाय तू. मग जावई विंग्रजीत काय म्हणले? स्टिग्मा. अन् तू मान हलवली.

विशाखा : तो... फुलाचा एक भाग असतो, आई. मी वर्गात शिकवते तो. जास्वंदीच्या मधल्या दांड्याला टोकाशी बारीक गोंडे असतात ना, त्यांच्यावर पराग चिकटतात. त्यातूनच पुढे बी धरतं.

फुलाबाई : माझा हात बघून जावयानं फुलाची गोष्ट काढली व्हय?

विशाखा : नाही.

फुलाबाई : मग खरं सांग. मी शाळेची पायरी चढले नाय, पर तुझी खाली गेलेली मान वळखते.

विशाखा : त्याचा अर्थ कलंक. लोकांनी एखाद्याला लावलेला डाग. मलाही तेवढाच ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात मोठा कोश काढून पाहिला. मूळ शब्द ग्रीक लोकांचा, समुद्रापलीकडच्या जुन्या लोकांचा. त्यांच्या भाषेत टोचणे या क्रियापदापासून तो झाला. टोचून अंगावर केलेली खूण.

फुलाबाई : म्हंजे गोंदणच की!

विशाखा : गोंदणच. पण त्यांच्यात ते हौसेनं करून घेत नसत. पळालेला गुलाम सापडला, की त्याच्या कपाळावर गोंदत. पुन्हा कुठेही गेला तरी ओळखू यावा म्हणून. ते गुलाम गेले, मालक गेले. शब्दातला अपमान तेवढा उरला.

फुलाबाई : कपाळावर! अरे देवा... बघ, तोंडातूनबी देव जात नाय अजून. हसू नको. तुझ्या आजीनं देवाचे टाक टोपलीत भरून गोदेत सोडले, तवा मी मागं वळून पायलं नाय. पर हा हात कुठं सोडू?

विशाखा : लहानपणी मी त्या तुळशीवरून बोट फिरवत असे. नुसतं वृंदावन आणि देठ. तिला पानं का नाहीत, हे मात्र कधी विचारलं नाही.

फुलाबाई : भागीपायी.

विशाखा : भागी कोण?

फुलाबाई : माझी बहीण. पाठची.

विशाखा : तुला बहीण होती?

फुलाबाई : व्हती. निफाडकडं आमच्या गावात गोंदणारीण यायची. आईनं सूपभर बाजरी दिली अन् दोघींना बसवलं. आधी भागी. वृंदावन झालं, देठ झाला, अन् पोरीनं असा हिसका दिला! थेट उसात शिरली, दिवेलागणीलाच बाहेर आली. गोंदणारीण खिदळायला लागली, "अर्धी तुळस, अर्धी नवरी!" समद्या आळीनं तेच धरलं.

विशाखा : आणि तुझी?

फुलाबाई : माझी चालू व्हती. देठ झाला अन् मी हात काढून घेतला. दुखत नव्हतं एवढं. पर म्हणलं, तिला एकटीला कशाला चिडवत्याल? आईनं पाठीत धपाटा घातला. बाजरी तर पुरी गेली ना! मग कितीक दिस आम्ही हाताला हात लावून बघायचो, कुणाचा देठ लांब ते.

विशाखा : पुढे?

फुलाबाई : पुढल्या पावसाळ्यात पटकी आली. फोटो नाय, कापड नाय. घरातलं तिचं व्हतं नव्हतं ते जाळलं. आई गेल्यावर तिचं नाव घेणारंबी कुणी उरलं नाय.

विशाखा : आणि हेच तू खरवडून काढायला बसलीस?

फुलाबाई : भागी गेली, पोरी. तू हायेस. तुझ्या संसाराला माझ्या हातापायी बोल नको.

(विशाखा तांब्यातलं पाणी हातावर ओतत राहते.)

विशाखा : लाली आलीय नुसती. खोबरेल लावते. रविवारी सासूबाईंनी पुन्हा विचारलं, तर तू गप्प राहा. या खेपेला मी बोलेन.

फुलाबाई : भांडू नको बाई. मनानं चांगल्या हायेत त्या. लय बायांना लिहाय-वाचाय शिकवलं त्यांनी.

विशाखा : भांडत नाही. एवढंच सांगेन, की नवरीची मावशी आलीय लग्नाला.

फुलाबाई : ...मग माझ्या हातात बांगड्या थोड्याच भराया लाव. नायतर झाकली जाईल ती.