आठ मंडळांची सभासद

घड्याळे दुरुस्त करणारे ते गृहस्थ बसमधून घरी परतत असता, पाठीमागच्या आसनावरील मामा-भाचीचा संवाद त्यांच्या कानी अनायासे पडला. भाची महाविद्यालयात नुकतीच प्रविष्ट झाली होती.

“काय गं, किती मंडळांत नाव घातलंस?”

“आठ.”

“आठ! आठवड्यात तरी मावतात का?”

“काय करू, मामा? मैदानात ओळीनं टेबलं मांडलेली. जो तो ‘ये, ये’ म्हणायचा. नाही कसं म्हणू?”

“म्हणून गिर्यारोहणसुद्धा? दोन जिने चढलीस की धापा टाकतेस!”

“त्यांनी टोपी दिली.”

“धन्य! आणि नाटक? त्याचंच तर वेड तुला.”

“तिथे नाही लिहिलं.”

“का?”

“तीनदा गेले होते टेबलापाशी. ते आपसांतच हसत होते. मला कोणी बोलावलंच नाही.”

“नावं कधीपर्यंत घेतायत?”

“आज पाचपर्यंत.”

“आणि आता वाजले किती?”

“चार वाजून बत्तीस मिनिटे,” मान न वळवता गृहस्थ उत्तरले.

“मामा, तुम्ही सांगा ना, जाऊ का?”

“मी नाही सांगणार बुवा. माझ्या सांगण्यावरून गेलीस, तर ते तुझं नववं मंडळ होईल.”

गृहस्थांनी पुन्हा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले.

“सरका, मामा. मला उतरायचंय.”

“अगं, पुढचा थांबा अजून लांब आहे!”

“चालकदादा, बस थांबवा!”

तो स्वर इतका खणखणीत होता, की अवघी बस वळून पाहू लागली आणि चालकाने करकचून ब्रेक दाबला.