पाटावरची पिन

मंडळी, सगळे आलात. सोसायटीचे आलात, हेमंतच्या कांजूरच्या ऑफिसातले आलात, आमचे रविवारचे बाइकवाले तर भांडुपपासून मालाडपर्यंतचे आलात. मुलुंडच्या या एवढ्याशा हॉलमध्ये इतकी गर्दी मी फक्त गणपतीत बघितली होती. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, इथे जागा आहे.

मी प्रमोद. हेमंतचा मित्र. बावीस वर्षांपासूनचा. मला माइकवर बोलायची सवय नाही. कागदावर लिहून आणलं होतं, 'मनमिळाऊ होता, मदतीला धावायचा' वगैरे. खरंच होता, पण तो कागद मी खिशातच ठेवतो. मला आज दुसरंच सांगायचंय, आणि सांगताना मी मध्येच थांबलो तर थोडं सांभाळून घ्या.

ज्यांनी हेमंतचं गॅरेज आतून बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बिल्डिंगखालचं तीन नंबरचं बंद गॅरेज. लोक तिथे कार ठेवतात, जुने सोफे ठेवतात. ह्याने ठेवलं होतं मोटरसायकल उचलायचं टेबल. गाडी त्यावर चढवायची, पायाने पॅडल मारायचं, की तेलाच्या जॅकवर ते टेबल कमरेइतकं वर येतं. खाली कात्रीसारखे पाय असतात. ते उघडले की टेबल वर, मिटले की खाली. आणि त्या पायांत एक भोक असतं. भोकात अंगठ्याएवढी जाड लोखंडी पिन घालायची. पिन असली की पाय मिटू शकत नाहीत. जॅक गेला, तेल सांडलं, काहीही झालं तरी टेबल जागच्या जागी.

हेमंत म्हणायचा, "मेल्या, तेलावर भरवसा ठेवू नको. लोखंडावर ठेव."

काय काय नियम होते त्याचे! बाइकवाल्यांनो, आठवतात ना? सगळ्या घरांत चपला काढून आत जातात, ह्याच्या गॅरेजमध्ये बूट घालून यायचं. गाडी चढवायला दोन माणसं हवीतच. पुढचं चाक शिकंज्यात आवळायचं, दोन्ही बाजूंनी पट्टे बांधायचे, सारखे ताणून. मग वर घ्यायचं. मग पिन. आणि पिन घातली की टेबल जरासं खाली सोडायचं, म्हणजे सगळं वजन पिनवर बसतं. मग हा टेबलावर हात टेकून उभा राहायचा आणि दहा मोजायचा. मनातल्या मनात. नुसते ओठ हलायचे. आम्ही खूप चिडवायचो रे त्याला. "काय भटजी, झाला का मंत्र?" तो हसायचा नाही. दहा पुरे झाले की म्हणायचा, "हं. आता ये."

त्याआधी कुणी टेबलाखाली बोटसुद्धा घातलेलं त्याला चालायचं नाही. एकदा मी नुसता वाकलो तर माझी कॉलर धरून मागे ओढलं होतं त्याने. शर्टाचं बटण तुटलं. बटण वहिनींनी लावून दिलं, आणि मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही.

अशा माणसाचं असं कसं झालं? तुम्ही सगळे हेच विचारताय. मी तुम्हाला काय सांगितलं? 'जॅक बसला.' पोलिसांना मी सगळं सांगितलंय, त्यांच्या कागदावर ते आहे. तुम्हाला मात्र एवढंच म्हणालो, जॅक बसला. आणि तुम्ही भले लोक, पुढे काही विचारलं नाहीत.

खंडेनवमीचा दिवस होता. हेमंतकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, तुम्ही प्रसादाला गेलेले आहात. पान्हे, हातोड्या, पक्कडी, सगळं रॉकेलने पुसून घरात पाटावर मांडायचं. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. आणि एकदा हत्यारं पाटावर बसली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलायची नाहीत. त्या दिवशी त्यांना सुट्टी, हेमंतलाही सुट्टी. बावीस वर्षांत मी त्याला खंडेनवमीला स्क्रूसुद्धा पिळताना बघितलेलं नाही.

या वर्षी मांडणी वैशालीवहिनींनी केली. आणि त्यांनी टेबलाची ती पिनही पाटावर ठेवली. का ठेवली? त्या हेमंतला म्हणाल्या होत्या, "तुमचा जीव हीच सांभाळते ना? मग पहिलं कुंकू हिला." हेमंतला ते फार आवडलं होतं. मला फोनवर सांगितलं त्याने. "बघ, तुम्ही हसता. आमच्या घरात पिनचा मान कळतो."

टेबल मात्र खालीच होतं. त्याला काय पाटावर बसवणार? त्याला गॅरेजमध्येच कुंकवाचं बोट लावलं आणि एक हार घातला.

दुपारी चारला मी गेलो. माझ्या गाडीची चेन आवाज करत होती. दुसऱ्या दिवशी दसरा, आईला मागे बसवून देवीला न्यायचं होतं. हेमंत म्हणाला, "आज नाही रे. हत्यारं बसलीत. परवा ये." मी म्हणालो, "हत्यारं कुठे मागतोय मी? नुसती वर घेऊन बघ ना. टेबल कुठे पाटावर बसलंय? बघणं म्हणजे काय काम झालं का?"

मी म्हणालो हे. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं तेव्हा, काय पळवाट काढली म्हणून.

तो हसला. मला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. आम्ही गाडी चढवली, चाक आवळलं, पट्टे बांधले. त्याने टेबल वर घेतलं. मग नेहमीप्रमाणे हात पिनकडे गेला, आणि तिथे पिन नव्हती. तो म्हणाला, "अरे, पिन वर आहे. पाटावर." मी म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे यार, हात कोण आत घालतंय?" तो जरा थांबला. म्हणाला, "बरं. पण बाहेरूनच बघायचं." जॅकचं तेल झिरपतंय, दसरा झाला की सील बदलणार, हे त्यानेच मला आधी सांगितलेलं. ते मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं.

आणि त्याने दहा मोजले नाहीत. काय मोजणार? पिनच नव्हती.

चेन बघून झाली. सैल होती, बाकी काही नाही. आणि मला बोटावर चावी फिरवायची सवय आहे. ती उडाली. टेबलाखाली गेली, त्या पायांच्या मधोमध. हेमंत म्हणाला, "टेबल खाली घेतो. चावी चेपली तर चेपली." मी म्हणालो, "अरे नको! डुप्लिकेट नाहीये माझ्याकडे." असं म्हणून मी वाकलो.

त्याने माझी कॉलर धरली. तशीच. मागे ओढलं मला. म्हणाला, "तू नको. तू सरक."

आणि तो स्वतः वाकला.

मंडळी, त्यापुढचं मी सांगणार नाही. मी पॅडल मारत सुटलो होतो आणि पॅडलला दाबच नव्हता, एवढंच सांगतो. वॉचमन आला, तुमच्यातले कितीतरी धावत आलात. हॉस्पिटलपर्यंत तो पोचला नाही. वर घरात वहिनींनी श्रीखंडासाठी चक्का टांगला होता.

हे सगळं आज इथे का सांगतोय? दहाव्याला वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, मीच नेली ना हो ती पिन." आणि मी गप्प बसलो. त्या माऊलीच्या तोंडाकडे बघत गप्प बसलो मी. त्या दिवसापासून वहिनी सगळ्यांना हेच सांगतायत. तुमच्यापैकी काही जण त्यांना 'असू दे, नशीब' म्हणून समजावताय, आणि माघारी 'पूजेच्या नादात झालं' असंही बोलताय. माझ्या कानावर आलंय.

वहिनी, इकडे बघा. तुम्ही पिन नेलीत, कारण त्या दिवशी काम नसतं. आणि ते बरोबर होतं. पिन वर आणि टेबल खाली, दोघंही निवांत, असाच तो दिवस होता. तो दिवस मी मोडला. पिनशिवाय चालेल असं मी म्हणालो. चावी माझी पडली. खाली घेऊ नको असं मी म्हणालो. तुम्ही पिनला पहिलं कुंकू लावलंत, वहिनी. हेमंतनंतर त्या पिनचा मान राखणारं माणूस या हॉलमध्ये एकच आहे, ते तुम्ही. तुम्हाला हे स्वतःवर घेता येणार नाही. मी घेऊ देणार नाही. माफी मागायला मला तोंड नाही, पण खरं काय झालं ते तुमच्याजवळ असलं पाहिजे.

आज सकाळी वहिनींनी मला पिन दिली. म्हणाल्या, फेकून द्या. ही बघा. कुंकू अजून तसंच आहे. वहिनी, मी ही नाही फेकणार. मी ती वीतभर साखळीने त्या टेबलालाच बांधणार आहे. आणि बाइकवाल्यांनो, तुमच्यापैकी पाच-सहा जणांकडे असली टेबलं आहेत, हेमंतचं बघूनच घेतलीत. आज घरी गेलात की साखळी बांधा. पूजा करा, जरूर करा, पण पिन जागेवर असताना तिथेच वाकून कुंकू लावा. आणि कुणी माझ्यासारखा दोस्त आला, 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणाला, तर त्याला हाकलून द्या. रुसेल. रुसू दे. आठवडाभराने बोलेल परत. मी बोललो होतो.

हेमंत, तू मला दोनदा मागे ओढलंस रे. पहिल्या वेळी माझं बटण तुटलं म्हणून मी भांडलो तुझ्याशी. दुसऱ्या वेळी भांडायला तू राहिला नाहीस. आईला दसऱ्याला नेलं नाही मी. ती रोज विचारते, हेमंत कसा गेला? आज घरी जाऊन तिलाही हेच सांगणार आहे.

आता आपण सगळे उभे राहू या. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच. दोन मिनिटं वगैरे नकोत, घड्याळ नको. हेमंतसारखे दहा मोजू या. सावकाश, मनातल्या मनात, नुसते ओठ हलवून. त्या दिवशी मी त्याला ते मोजू दिले नाहीत. ते दहा त्याचे राहिलेत.

दहा झाल्यावर 'हं, आता ये' म्हणणारं कुणी नाही. तरी कुणी लगेच हलू नका.