मानेत उतरण्याआधी

शाइस्ता पौडच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होती. बाकावर तिच्या शेजारी वाडीवरचं एक जोडपं बसलं होतं, सावळ्या आणि सोनी. बाईच्या गालाला सूज होती आणि मांडीवर दवाखान्याची फाइल.

“गावात म्हनत्यात, सोने, चाकू लावला की कॅन्सर पसरतो.”

“गावानं माझा फोटो बघितलाय का? डाक्टरनं बघितलाय. गालाचा तुकडा काढून तपासलाय. दुसरी स्टेज हाय, मानंत उतरलेला न्हाई. थांबले तर उतरंल.”

“जबड्याचं हाड काढनार म्हनं.”

“थोडं काढनार. मांडीचं मास लावून गाल शिवनार, मंग मशिनीचा शेक देनार. समदं विचारून आले मी.”

“तोंड वाकडं व्हईल.”

“व्हऊ दे. शेतात भात लावायला तोंड लागत न्हाई.”

“आन घास खाता न्हाई आला तर?”

“तुमी भरवाल. तुमच्या आईला मी तीन वरसं भरवलं.”

गाडी लागली. शाइस्ता पुढे चढली आणि तिने दोघांसाठी जागा धरली. खाली दाराशी सावळ्याने सोनीच्या हातातली फाइल घेतली.

“गुरगुट्या भात कसा करायचा, ते सांगून ठेव मला.”

“पानी जरा जास्त घालायचं. चढा आता.”