मास्तरांनी कातरलेली जाळी

मी, गल्लीत सगळे ताई म्हणतात, वय एकेचाळीस वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार शिलाईच्या दुकानामागची खोली, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती राहतो. पतीही शिंपी, त्यांना सर्वजण मास्तर म्हणतात. माझा धाकटा भाऊ या भागात टीव्हीच्या केबल जोडतो. इमारतीतल्या सगळ्या घरांची केबल आमच्या दुकानातल्या बूस्टरमधून, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या डबीतून, वर जाते.

गेल्या आठवड्यापासून समोरच्या अँब्युलन्स केंद्राच्या वायरलेसवर खरखर येऊन ड्रायव्हरचे बोलणे कळत नव्हते. त्याआधी भावाचे एका ड्रायव्हरशी रस्त्यात शिडी लावण्यावरून भांडण झाले होते व "तुमची बोलतीच बंद करतो" असे तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. तो तोंडाळ आहे, पण कोणाच्या जिवाशी खेळणारा नाही. आज सकाळी मुद्दाम अडथळा आणल्याच्या संशयावरून त्याला ठाण्यात आणले.

दुपारी पोलीस वायरलेसचे साहेब भावाला घेऊन दुकानात आले. अँब्युलन्सच्या वायरलेसवर लावलेला हातातला सेट बूस्टरजवळ नेताच तो नुसता बोंबलू लागला. तिथल्या केबलवर मास्तरांनी शिवलेले मखमली कव्हर होते. भावाने ते ओढून काढले, टोक उपसले आणि म्हणाला, "दाजी, हिची जाळी कुठंय?"

"ते दोरे होय? गेल्या आठवड्यात इस्त्रीचं टेबल सरकवताना टोक निसटलं. दोरे लोंबत होते, कातरून टाकले. साफसूफ करून परत बसवलं की! वर कव्हर पण शिवलं."

भावाने कपाळावर हात मारून घेतला. मास्तरांना लोंबता दोरा दिसला की हात शिवशिवतात, हे मी लग्नापासून बघते आहे.

साहेबांनी समजावून सांग म्हटल्यावर भावाने एक तुकडा सोलून आमच्या कापायच्या टेबलावर ठेवला. मधे तांब्याची तार, तिच्यावर पांढरा फोम, मग चकचकीत पन्नी, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी, सगळ्यांवर काळे प्लास्टिक. जुनी बारीक केबल एकोणसाठ नंबरची, तिची जाळी विरळ. ही सहा नंबरची, हिला पन्नी आणि दाट जाळी दोन्ही. भाऊ म्हणाला, "सिग्नल मधल्या तारेतून जातो, तेवढाच जाळीच्या आतल्या अंगानं उलटा येतो. दोघांची फिट्टंफाट, बाहेर काही उरत नाही. बाहेरचा गोंगाट आला तर तो जाळीच्या बाहेरच्या अंगावरच राहतो."

मी म्हटले, "म्हणजे एकाच जाळीच्या उलट बाजूला एक अन् सुलट बाजूला दुसरं?"

"हो. त्यांची गाठच पडत नाही."

मी जन्मभर कापड हाताळते. एका बाजूला मशीनचे तेल सांडले की दुसरीकडे उतरतेच. आणि इथे केसाएवढ्या तारांच्या आत इमारतभरची चित्रे, आवाज, भांडणे, आणि बाहेर चकार शब्द नाही. अगंबाई! इतकी वर्षे ही केबल माझ्या डोक्यावरून जात होती आणि मी तिच्यावर मोजपट्टी टांगत होते.

कातरल्यामुळे जाळी टोकावरच्या धातूच्या टोपीला टेकत नव्हती, सिग्नल तिथून बाहेर सांडत होता. मखमलीने तो अडला नाही. भावाने नवे टोक सोलले, जाळी मागे दुमडली, टोपी दाबून बसवली. खरखर एकदम थांबली. लगेच सेटवर आवाज आला, "आजीबाईंना गाडीत घेतलंय. श्वास चालू आहे. ऑक्सिजन तयार ठेवा." ज्याच्याशी भांडण झाले होते, तोच ड्रायव्हर होता. भाऊ म्हणाला, "बोल बाबा, बोल," आणि त्याने बाहीने डोळे पुसले.

यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. मास्तर आपणहून ठाण्याबाहेरच्या बाकावर येऊन बसले आहेत, त्यांना काय ते विचारावे. भावाला सोडावे. त्याला घेतल्याशिवाय मी घरी जाणार नाही.

माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. वाचन चालू असताना शेजारच्या टेबलावर ठेवलेल्या साहेबांच्या सेटवर आजीबाई दवाखान्यात पोहोचल्याचे मला इथून स्वच्छ ऐकू आले. तेही लिहून घ्या म्हटले, म्हणून लिहिले आहे.