प्रफुलच्या घरचा कडू घास

नांदुऱ्याच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"शालूबाई, हा डबा कोणाले वो?"

"वडनेरले, प्रफुलच्या घरी कडू घास नेऊन राह्यली. काल टीव्हीवरच्या मालिकेत मेला न तो."

"अवो, ते मरण खोटं असते! खोट्या मयतीच्या घरी कोणी जेवण नेते का?"

"मले मालूम हाय. त्यानंच फोन केला, मावशी, पिठल्यात मिरची जास्त टाकजो."

"म्हंजे तो घरीच हाय?"

"सकाळीच आला. मेल्यावर मुंबईत कोण ठेवते?"

"मंग रडून कोण राह्यलं?"

"त्याची माय."

"तिले समजत नाई का, सोंग होतं म्हणून?"

"समजते न."

"मंग काऊन रडते?"

"म्हणते, दहा वर्षं गावोगाव नाटकं केली, आत्ताच कुठं कामाले लागला होता माहा लेक."