विमानाकडं पळणारा

साळुबाई : ह्याला फोटो म्हनायचं, तेजे? काळी पाटी अन वर दोन रेघोट्या.

तेजस्विनी : आई, विमानवाहू जहाज आहे ते, रात्रीचं. ही रेघ म्हणजे उतरणारं विमान.

साळुबाई : मला विमान नगं. ऋषी कुठाय? पेपरवाल्यांनी तुला भावाच्याच जहाजावर धाडलं. म्हनलं, लेकाचं तोंड दिसंल. त्याला पोरगी सांगून आल्याल्या घाटघरच्या पावण्यांनाबी फोटो पायजे. त्यांला काय दावू, अंधार?

तेजस्विनी : डेकवर रात्री उजेड नसतोच फारसा. फ्लॅश मारला तर पायलटचे डोळे दिपतील. त्यात सगळ्यांना हेल्मेट, गॉगल.

साळुबाई : मग दिवसा काढायचा.

तेजस्विनी : दिवसा तो झोपतो. आणि आत कॅमेरा न्यायला मनाई.

साळुबाई : समद्याला उत्तर हाय तुझ्यापाशी. फोटो तेवढा न्हाई.

तेजस्विनी : हा घे. हा ऋषीच आहे.

साळुबाई : बाकीची मागं उभी अन ह्यो एकटाच विमानाकडं का पळतोय?

तेजस्विनी : ते कामच आहे त्याचं.

साळुबाई : मला तर म्हनला, गोदामात सामान लावतो.

तेजस्विनी : तुला झोप लागावी म्हणून.

साळुबाई : आता लई लागंल. सांग समदं.

तेजस्विनी : डेकवर आडव्या तारा असतात. विमानाच्या शेपटीखालचा हूक त्यात अडकला की विमान थांबतं. त्या रात्री दोनदा हूक लागलाच नाही. विमान तसंच पुढं उडून समुद्रावर गेलं, वळसा घालून परत आलं. इंधन संपत आलेलं. तिसऱ्यांदा अडकलं, पण तार हुकातून सुटेना. मागून दुसरं विमान यायचं होतं.

साळुबाई : मग?

तेजस्विनी : ऋषी पळत गेला, गज घालून तार सोडवली. इंजिन चालूच होतं.

साळुबाई : कुठं लागलं-बिगलं?

तेजस्विनी : नाही गं. नंतर चहा पिताना म्हणाला, आईला बोलू नको.

साळुबाई : दोघंबी एका माळंचं मणी. अन ह्यो फोटो एवढा हाललेला कसा? जरा स्थिर धरायचा कॅमेरा.

तेजस्विनी : हात थरथरत होता माझा.

साळुबाई : (फोटो पदरानं पुसत) थरथरंल न्हाईतर काय.